तोंड बघून पसंत केलेले मासे

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी लग्न ठरवताना भाऊजींना सफरचंद खायला लावलं होतं. ही ऐकीव गोष्ट नाही, भाऊजी स्वतः सांगतात. पहिल्याच भेटीत तिनं त्यांच्यापुढे अख्खं सफरचंद ठेवलं, सुरी दिलीच नाही, आणि ते कुठल्या बाजूनं चावतात ते बघत बसली. मग आत जाऊन आईला म्हणाली, "चालेल. डावीकडची एक दाढ भरून घ्यावी लागेल." दाढ लग्नाआधी भरली गेली. ती अजून शाबूत आहे आणि लग्नही.

तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि दातांच्या दवाखान्यात लागून तिला दोन वर्षं झाली होती. त्याच दवाखान्यात तिनं एकूण छत्तीस वर्षं काढली. डॉक्टरांच्या हातात हत्यारं द्यायची, थुंकी ओढणारी नळी धरायची, दाढेत भरायचा मसाला कालवायचा, रडणाऱ्या पोरांचे हात धरायचे आणि न रडणाऱ्या मोठ्यांचेही. तिचं म्हणणं, डॉक्टरांना दात दिसतात, मला तोंड दिसतं. माणूस काय खातो, काय लपवतो, रात्री दात खातो का, खोटं बोलतो का, सगळं तिला तोंडावरून कळायचं. निदान तसं ती म्हणायची, आणि तिच्याशी वाद घालायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती.

जाऊ असली तरी मी तिला पहिल्या वर्षापासून ताई म्हणते आणि अगं-तुगं करते. भांडायला सोपं पडतं. आम्ही एकाच इमारतीत राहतो, ती दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. मी बस डेपोत चौकशीच्या खिडकीत बसते. तिथं 'बहुतेक' या शब्दावर माझं पोट चालतं. बहुतेक सव्वापाचला येईल, बहुतेक चार नंबरला लागेल. ताईच्या तोंडात हा शब्द मी पंचवीस वर्षांत ऐकला नव्हता. तिचं एक तर 'चालेल' नाहीतर 'नको'. खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटायचा. ती एकदा तरी तोंडावर पडावी असं मला मनापासून वाटायचं, आणि ते मी कुणाला बोलून दाखवलेलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी तिच्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत समुद्राच्या पाण्याची टाकी बसवली. पाच फूट लांब. मासे बघत बसलं की पेशंट घाबरत नाहीत असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. त्यांनी हौसेनं कोरलचे, म्हणजे जिवंत प्रवाळाचे, सहा तुकडे आणले, आणि दुकानात सगळ्यांत देखणे दिसले ते चार मासे. त्यात पिवळ्या पट्ट्यांचा एक बटरफ्लाय होता. महिन्याभरात त्यानं कोरलचे इवले इवले जीव टिपून टिपून खाल्ले आणि मागे नुसते पांढरे सांगाडे उरले. पेशंट आत यायच्या आधीच सांगाडे बघत बसायचे. डॉक्टरांनी हात टेकले आणि टाकी काढून तिथं खुर्च्या टाकायचं ठरवलं.

"मला सहा महिने द्या," ताई म्हणाली.

तिला तोवर माशांतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. पण तिनं पुस्तकं आणली, दोन-तीन जाणकारांना गाठलं, आणि मग जेवणाच्या सुट्टीत स्वतःचं स्टूल घेऊन मत्स्यालयाच्या दुकानात जाऊन बसायला लागली. एकदा मी सोबत गेले होते. ती एकेका काचेला नाक लावायची आणि मला समजावून सांगायची. दुकानातली गिऱ्हाइकंही मागं उभी राहून ऐकायची.

"हा बघ बटरफ्लाय. लांब, चिमट्यासारखं तोंड. चिमटा कशाला असतो? फटीतलं ओढून काढायला. कोरलचे जीव फटीतच बसलेले असतात. नको."

"पण किती सुंदर आहे गं!"

"सुंदर असू दे. माझ्याकडे सुंदर दातांचे चोर पण येतात." ती पुढच्या काचेकडे सरकली. "हा गोल गरगरीत पफर. पुढचे दात बघ, पक्कड आहे पक्कड. शंख, खेकडे, झिंगे, सगळं फोडून खाणार. कोरललाही तोंड लावेल. नको. हा मोठा एंजल, आत्ता बोटाएवढा आहे, वर्षभरात ताटलीएवढा होईल आणि कोरलचे लचके तोडेल. नको. हा क्लाउनफिश, इवलंसं तोंड, पाण्यातून वाहत येईल ते टिपणारा. चालेल. ही गोबी वाळू तोंडात घेते, चघळते आणि थुंकते. सारखी गुळण्या करत असते बिचारी. चालेल."

मग ती एका तपकिरी, ठिपक्याठिपक्यांच्या, अगदीच सामान्य दिसणाऱ्या माशापुढे थांबली. डोळे डोक्यावर, जाड ओठ, तोंड कायम खाली वाकवलेलं. ब्लेनी. तो काचेला ओठ लावून वर सरकत होता आणि दर दोन बोटांवर काच खरवडत होता.

"याच्या ओठांआड कंगव्यासारखे दात आहेत," ताई हळूच म्हणाली. "दगडावरचं, काचेवरचं शेवाळ खरवडून खातो. दिवसभर तेवढंच काम. हा माझ्या धंद्यातला आहे गं." तिचा चेहरा एकदम मऊ झाला होता. भाऊजींना पसंत करतानाही झाला नसेल.

नुसतं तोंड बघून ती थांबायची नाही. दुकानदाराला समोर खायला घालायला लावायची, मासा काय उचलतो आणि काय सोडतो ते बघायची, शेजाऱ्याच्या अंगावर धावून जातो का ते बघायची, मोठा होऊन केवढा होणार ते विचारायची. एका माशासाठी तीन-तीन फेऱ्या. पन्नासातल्या एकोणपन्नास माशांना 'नको'. दुकानदारानं तिचं नाव नकोबाई ठेवलं. आधी वैतागून, मग कौतुकानं, आणि पुढं तर नवं गिऱ्हाईक आलं की तोच सांगायचा, "कोरलच्या टाकीत सोडायचाय ना? मग घाई करू नका, सोमवारी दुपारी नकोबाई येतील, त्यांना दाखवा."

अकरा वर्षांत ती टाकी अशी झाली की लोक अपॉइंटमेंटच्या अर्धा तास आधी येऊन बसायचे. सगळ्यांत मधे होतं एक हिरवं कोरल, मेंदूसारख्या वळ्यावळ्यांचं. आणलं तेव्हा मुठीएवढं होतं, आता जेवणाच्या ताटाएवढं झालं होतं. सकाळी दिवा लागला की ते फुगून गुबगुबीत व्हायचं. पोरं त्याला डॉक्टरांचा मेंदू म्हणायची. ताईचं त्यावर फार लक्ष असायचं. आमच्या घरी मुलांचे वाढदिवस ती विसरायची, पण मेंदू कुठल्या वर्षी किती बोटं वाढला ते तिला तोंडपाठ होतं. ब्लेनी दोन वर्षांपूर्वी म्हातारा होऊन गेला, तेव्हा तिनं महिनाभर दुकानात बसून त्याच्याच जातीचा दुसरा आणला. त्याचं नाव तिनं असिस्टंट ठेवलं होतं.

मग मोठे डॉक्टर निवृत्त झाले आणि खुर्ची त्यांच्या मुलीकडे आली. या धाकट्या डॉक्टर म्हणजे ताईच्या मांडीवर बसून दुधाचा दात पाडून घेतलेली मुलगी. त्या ताईला मावशी म्हणत आणि ताई त्यांना सगळ्यांसमोर अदबीनं 'डॉक्टर, तुम्ही' म्हणायची. दोन वर्षांनी ताईचीही निवृत्ती आली. दोन महिने उरले असताना डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, टाकीची काळजी करू नका. मी एका कंपनीशी बोललेय. त्यांचा माणूस महिन्यातून एकदा येऊन सगळं बघून जाईल. तुम्ही आता आराम करा."

त्या बाईंनी हे चांगल्या मनानंच सांगितलं होतं. पण ताई घरी आली ती तोंड पाडून. माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली, चहा नको म्हणाली, आणि दहा मिनिटांनी म्हणाली, "मी त्यांना म्हटलं, दवाखान्याची किल्ली माझ्याकडेच राहू द्या. रोज सकाळी तासभर येत जाईन. पगार नको, काही नको. तर म्हणाल्या, बघू."

"मग बघतील की."

"बघू म्हणजे नाही, एवढं मला कळतं. तू खिडकीत बसून लोकांना काय सांगतेस?"

तिला पगाराची ओढ नव्हती, मानाची तर नव्हतीच. त्या टाकीशिवाय सकाळी उठून करायचं काय, हा तिचा प्रश्न होता. भाऊजी सज्जन माणूस, पण ते काही दिवा लावल्यावर फुगून गुबगुबीत होत नाहीत.

तर आता दोन महिन्यांत टाकी अशी चकचकीत ठेवायची की डॉक्टरांना बोट ठेवायला जागा मिळू नये, असं ताईनं मनाशी पक्कं केलं. दवाखान्यात नमुन्याला आलेले लहान मुलांचे मऊ टूथब्रश पडून असत. त्यातला एक निळा ब्रश तिनं घेतला. आधी ती आठवड्यातून एकदा फक्त समोरची काच लोहचुंबकाच्या घासणीनं पुसायची. आता रोज संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला की कोपरापर्यंत हात पाण्यात घालून चारी काचा, सगळे दगड, दगडांच्या खाचा, सगळं घासून काढायची. छत्तीस वर्षं लोकांच्या दातांवरचं किटण निघताना बघितलेली बाई ती. हिरवट थर दिसला की तिचे हात शिवशिवायचे. टाकी खरंच दातांच्या जाहिरातीसारखी चमकायला लागली.

त्यातच ती चार दिवस लेकीकडे गेली, आणि तेवढ्यात धाकट्या डॉक्टरांनी एक मासा आणून टाकीत सोडला. अंगठ्याएवढा, भडक केशरी, कडेला काळे पट्टे. बुटका एंजल. पेशंट हरखले. ताई परत आली, पर्स खांद्याला तशीच, आणि काचेसमोर उभी राहिली.

"टिपणारं तोंड," ती म्हणाली. "बारीक, केसांसारखे दात. याच्यातला एखादा जन्मभर कोरलला हात लावत नाही आणि एखादा पहिल्या दिवशी सुरू करतो. ज्याचं सांगता येत नाही, त्याला मी नको म्हणते."

"पण मावशी, किती छान दिसतोय!" डॉक्टर म्हणाल्या.

ताईनं मूग गिळले. किल्ली अजून अधांतरीच होती.

तीन आठवड्यांनी मेंदू फुगेनासा झाला. वळ्या आक्रसून बसल्या, आणि कडेला तांदळाच्या दाण्याएवढे फिकट डाग दिसायला लागले. मग ताईचा तोल सुटला. बाहेर सात-आठ पेशंट बसलेले असताना ती आत गेली, डॉक्टरांना बोलावून आणलं, आणि सगळ्यांसमोर बोट दाखवून म्हणाली, "हे चाव्याचे डाग आहेत. आणि चावणारा हा आहे. याला काढा. मासा काढल्यापासून आठ दिवसांत चावे थांबले नाहीत, तर मी माझी किल्ली तुमच्या टेबलावर ठेवीन आणि पुन्हा टाकीचं नाव काढणार नाही."

किल्ली पणाला लावायला तिला कुणीही सांगितलं नव्हतं. घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा मीच कपाळावर हात मारून घेतला.

"कशाला बोललीस असं?"

"कारण मला माहितीये," ती म्हणाली आणि शांतपणे जेवली.

दगडांनी भरलेल्या टाकीतून मासा पकडणं हे येरागबाळ्याचं काम नाही. जाळी घातली की तो खाचेत शिरतो. ताईनं प्लॅस्टिकचा पारदर्शक डबा आणला, एका बाजूला दार, दाराला दोरा, आत खायचे दाणे. दोरा हातात धरून ती दोन दिवस बसली. क्लाउनफिश आत-बाहेर करत होते, गोबी डोकावून गेली, असिस्टंट तर डब्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. त्याला दाण्यांत कधीच रस नव्हता. तिसऱ्या दिवशी केशरी साहेब आत शिरले आणि ताईनं दोरा सोडला. दुकानदाराकडे मासा पोचवताना ती म्हणाली, "वेगळा ठेवा. कोरलवाल्या कुणाला विकू नका." त्यानं डब्याकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं बघितलं आणि मान डोलावली.

मग आठ दिवस मोजणं सुरू झालं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिला मेंदू जरा बरा वाटला. पाचव्या दिवशी ती पुन्हा डाग मोजत बसली. सहाव्या दिवशी माझी दाढ ठणकायला लागली.

खरं तर ती महिनाभर ठणकत होती, पण ताईच्या तावडीत जायचं म्हणून मी टाळत होते. त्या दिवशी मात्र गाल धरून दवाखान्यात जाऊन बसावंच लागलं. माझ्या आधी तिघं होते. दुसरा काही उद्योग नव्हता, म्हणून मी टाकीकडे बघत बसले. पाणी स्वच्छ, काचा स्वच्छ, दगड धुवून ठेवल्यासारखे. असिस्टंट नेहमीसारखा काचेला ओठ लावून चढत होता. खरवडायचा, थांबायचा, पुन्हा खरवडायचा. मग तो दगडावर उतरला, तिथंही दोनदा तोंड मारलं. आणि मग सरळ मेंदूवर जाऊन बसला, मान तिरकी केली आणि कडेच्या वळीचा चावा घेतला. मेंदू आक्रसला. असिस्टंट जरा बाजूला सरला, पुन्हा आला आणि पुन्हा चावला.

कबूल करते, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. पंचवीस वर्षं ज्याची वाट बघितली ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. ताईनं स्वतः तोंड बघून निवडलेला, नाकासमोर चालणारा, तिच्या धंद्यातला मासा! दाढदुखीसुद्धा विसरले मी. आणि दुसऱ्याच क्षणी मला ती किल्ली आठवली. दोन दिवस गप्प बसले असते तरी आठ दिवस संपणारच होते, डाग वाढणारच होते. पण मग तिला कोण चावतंय ते कधीच कळलं नसतं, आणि कंपनीच्या माणसाला तर नाहीच नाही. मी उठले आणि आतल्या दारातून तिला खुणेनं बोलावलं.

"ताई, तुझा असिस्टंट मेंदूला चावतोय."

"तुझी दाढ डोक्यात गेलीये," ती म्हणाली. "ब्लेनी कोरल खात नाही."

"मी बघितलं."

"तू बहुतेक बघितलंस."

"बहुतेक नाही. दोनदा बघितलं."

तिनं माझ्याकडे निरखून बघितलं, चष्मा डोळ्यांवर नीट बसवला, हातमोजे काढले आणि बाहेर येऊन माझ्या खुर्चीवर बसली. डॉक्टरांनी आतून दोनदा हाक मारली. "आले," म्हणाली आणि हलली नाही. वीस मिनिटं गेली. असिस्टंट काच चढला, खरवडलं, उतरला, दगड, आणि मग मेंदू. ताईनं श्वास आत घेतला तो सगळ्यांना ऐकू आला.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला वाटलं होतं ती चिडेल, कुणावर तरी खापर फोडेल. पण ती उठून काचेजवळ गेली आणि खिशातला छोटा टॉर्च लावला, पेशंटच्या तोंडात लावते तसा. असिस्टंट पुन्हा काचेवर चढत होता, पोट आमच्याकडे करून.

"पोट बघ," ती म्हणाली. "आत गेलंय. खपाटीला गेलंय गं." मग तिनं टॉर्च त्याच्या ओठांवर धरला. ओठ उघडत होते, मिटत होते, काच खरवडत होते. काचेवर काहीच नव्हतं. मग ताईची नजर टाकीशेजारच्या पेल्यातल्या निळ्या ब्रशकडे गेली आणि तिथंच खिळली.

ती आत गेली. डॉक्टर एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या तोंडात काम करत होत्या. मी दारातच उभी होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं, आणि बाहेरच्यांनाही. ताईला हळू बोलता येत नाही.

"डॉक्टर, चूक माझी आहे," ती म्हणाली, 'चालेल' किंवा 'नको' म्हणायची त्याच आवाजात. "तुमचा मासा निर्दोष होता. चावतोय तो माझा ब्लेनी, आणि त्याचाही दोष नाही. तो शेवाळावर जगतो आणि मी दीड महिना रोज घासून घासून दगड कोरे केले. तुम्हाला टाकी चकचकीत दिसावी म्हणून. त्याच्या तोंडचा घास मीच पुसत होते. दाणे तो खात नाही हेही मला माहीत होतं. भुकेला जीव समोर दिसेल ते खाणारच." तिनं खिशातून किल्ली काढून हत्यारांच्या ट्रेशेजारी ठेवली. "ही घ्या."

खुर्चीतल्या गृहस्थांनी तोंड उघडं ठेवूनच तिच्याकडे डोळे फिरवले. डॉक्टरांनी हातातलं हत्यार खाली ठेवलं.

"मावशी, हे कळलं कसं?"

"जाऊनं दाखवलं. मग मी बसून बघितलं."

"किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"कंपनीचा माणूस महिन्यातून एकदा येतो," डॉक्टर म्हणाल्या. "तो वीस मिनिटं बसला असता?"

"तो नवा ब्रश घेऊन आला असता," ताई म्हणाली. "पण तो प्रश्न नाही. मी सगळ्यांसमोर शब्द दिला होता."

"तुम्ही दिलात. मी घेतला होता का?" डॉक्टरांनी किल्ली उचलली आणि ताईच्या ऍप्रनच्या खिशात परत टाकली. मग हात पुढे केला. "किल्ली असू दे. ब्रश द्या इकडे."

ताई बाहेर आली, पेल्यातून ब्रश घेतला. किल्ली देताना तिचा हात सरळ गेला होता, ब्रश देताना मात्र जरा अडखळला. डॉक्टरांनी तो आपल्या टेबलाच्या खणात टाकला आणि खण बंद केला. खुर्चीतले गृहस्थ मधेच काहीतरी म्हणाले, पण तोंडात कापूस असल्यामुळे कुणाला कळलं नाही.

माझी दाढ त्या दिवशी भरली गेली. नळी ताईनंच धरली होती. माझं तोंड उघडं, मला बोलता येत नाही अशी वेळ साधून ती म्हणाली, "महिनाभर उजव्या बाजूनंच जेवतेस. मला काय दिसत नव्हतं?" आणि गालावर हलकीच चापट मारली. हेवाबिवा सगळा कुठल्या कुठे गेला. बरं झालं तिला सांगितलं असं वाटलं.

पुढचे दिवस ताईला जड गेले. ती वाळवलेलं समुद्री शेवाळ चिमट्याला लावून दगडांत खोचायची, असिस्टंट ते कुरतडायचा, पण काचा हिरव्या व्हायला वेळ लागत होता आणि त्या व्हायची वाट बघणं म्हणजे तिच्यासाठी शिक्षाच होती. हात मांडीखाली दाबून ती टाकीसमोर बसायची. पेशंट म्हणायचे, काच जरा मळलीये का हो? ती म्हणायची, हो. सोमवारी दुपारी ती दुकानात गेली आणि केशरी माशाला परत घेऊन आली. दुकानदारानं विचारलं, "म्हणजे आता हा चालेल, बाई?"

ताई त्या माशाच्या तोंडाकडे बघत राहिली. "बहुतेक," ती म्हणाली. दुकानदार मला हे सांगताना स्वतःच्या कानांवर विश्वास नसल्यासारखा सांगत होता.

तिच्या नोकरीचा शेवटचा दिवस झाला, भाषणं झाली, भाऊजींनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला माझ्या दाराची बेल वाजली. ताई, पायात चपला, हातात किल्ली.

"चल माझ्याबरोबर. दाखवायचंय."

दवाखाना अजून उघडायचा होता. तिनं कुलूप काढलं, टाकीचा दिवा लावला, आणि आम्ही खुर्च्या ओढून बसलो. मेंदू हळूहळू फुगायला लागला. डाग अजून होते, पण कडेनं नवी, फिकट हिरवी साय धरत होती. केशरी मासा दगडांतून हिंडत होता आणि आपलं काम करत होता. ताईनं मला मागच्या काचेकडे बघायला सांगितलं.

मागची काच हिरवी झाली होती. आणि त्या हिरव्या थरावर खालपासून वरपर्यंत इवले इवले गोल ठसे उमटले होते. ओळीनं, एकाशेजारी एक, ओठ टेकून उचलावेत तसे. शंभर असतील, दोनशे असतील. असिस्टंट काचेच्या मधोमध होता आणि आणखी एक ठसा उमटवत होता. त्याचं पोट आता गोल दिसत होतं.

"मी किती तोंडांचे ठसे घेतले असतील," ताई म्हणाली. "मऊ मसाला ट्रेमध्ये भरायचा आणि म्हणायचं, चावा, हलू नका. याचे हे ठसे दिवसभर पडत होते आणि रोज संध्याकाळी मी पुसत होते. एक दिवस थांबले असते तर त्यानंच सांगितलं असतं, ताई, आज काचेवर काही नव्हतं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती ते लपवत नव्हती.

असल्या वेळी माणूस काहीतरी हाताशी घेतो. समोरच्या काचेवर, अगदी माझ्या नाकासमोर, बोटभर हिरवा पट्टा दिसत होता आणि काच पुसायचं लोहचुंबक शेजारीच चिकटवलेलं होतं. मी ते धरलं आणि सरकवणार, तोच ताईनं माझं मनगट पकडलं.

"राहू दे," ती म्हणाली. "त्याची न्याहारी व्हायचीये अजून."